मास्तरांचं कसं चाललंय?

मला कुठे चार शब्द बोलायला बोलावलं की बायको आधी हसून घेते. "घरात कोणी ऐकत नाही, म्हणून आता बाहेर का?" म्हणते. या वेळीही हसली. पण बोलावणं आमच्या पुतणीचं होतं, म्हणून तिनेच शर्टाला इस्त्री केली आणि वर बजावलं, "जुनं पुराण लावू नका हं. पोरं नोकरीच्या काळजीत आहेत."

अहो, जुनं पुराण सोडलं तर माझ्याकडे उरतं काय? चौतीस वर्षं एका पाइपच्या कंपनीत मी क्रेडिट मॅनेजर होतो. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात अजून कोणाला धड कळलेलं नाही. आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी बँकेत आहे. तर सांगतो. दुकानदार कंपनीचा माल उधारीवर उचलतात, विकतात आणि महिना-दीड महिन्याने पैसे देतात. कोणाला किती उधार द्यायचं, कोणाला जरा आवरायचं आणि कोणाला 'आता रोख आणा' म्हणायचं, हे ठरवून जो चारी बाजूंनी शिव्या खातो, तो मी. विक्रीवाले म्हणायचे, आम्ही गिऱ्हाईक दारातून आणतो आणि हा खिडकीतून हाकलतो. म्हणेनात का! चौतीस वर्षांत माझा एक पैसा बुडाला नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी हे वाक्य तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. कागदोपत्री काहीही असो, घरात ती चिऊ. तीन वर्षांपूर्वी ती एका टाइलच्या कंपनीत क्रेडिट मॅनेजर झाली, तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, तुझं खूळ हिला लागलं." मला इतका आनंद झाला की काय सांगू! माझ्या मुलाने माझ्या कामाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. तो लोकांच्या लग्नाचे फोटो काढतो. चिऊ मात्र लहानपणी माझ्या मांडीवर बसून पावत्यांचे आकडे मोठ्याने वाचायची.

आणि यंदा ही मंदी. इमारती अर्ध्यावर थांबलेल्या, दुकानांत माणूस दिसत नाही, कंपन्या खर्चाला कात्री लावतायत. चिऊच्या खात्यात पाचजण. महिनाअखेरीला त्यातल्या दोघांना नारळ मिळणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, कोणत्या दोघांना ते कोणालाच नाही. अशात तिच्या डोक्यातून निघालं की बांधकामाच्या मालाच्या सगळ्या कंपन्यांमधले तरुण क्रेडिट मॅनेजर एकत्र बोलवायचे आणि मागच्या मंद्या पाहिलेल्या म्हाताऱ्यांकडून त्यांना सल्ला मिळवून द्यायचा. कंपनीने वरच्या मजल्यावरची खोली आणि चहा-बिस्किटं दिली. जेवण नाही दिलं. मंदी आहे ना!

सकाळी ती मला न्यायला आली. गाडीत बसून पट्टा लावल्यावर म्हणाली, "काका, सल्ला झाला की आम्ही टेबल लावणार आहोत. तुम्ही लावायचात तसं."

"वा!" मी म्हटलं. खरंच छान वाटलं मला.

"मला एक नाव टाकायचंय. पुलापलीकडचं टाइलचं दुकान आहे ना, त्यांचं. नऊ वर्षांत एक दिवस उशीर नाही, आणि आता दोन महिने लागोपाठ सोळा-सोळा दिवस उशीर. साहेब म्हणाले, टेबलावर विचार, बाकीचे काय म्हणतात बघ, आणि पाच वाजेपर्यंत कळव, माल चालू ठेवायचा की बंद करायचा."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं माणूस चांगला आहे. पण काका, मी चालू ठेवला आणि तो बुडाला, तर त्या दोघांतली एक मी असणार."

"आणि बंद केलास तर?"

"बंद केला तर मला कोण काय बोलणार?"

बरोबर होतं तिचं. बंद करून कोणाची नोकरी गेल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही.

आता टेबल म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची गोष्ट. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, साडेबाराला, एका हॉटेलच्या मागच्या खोलीत आम्ही सातजण जमायचो. सात कंपन्या, सात माल, पण दुकानदार तेच. जो माझे पाइप घ्यायचा तोच दुसऱ्याचं सिमेंट घ्यायचा, तिसऱ्याच्या वायरी घ्यायचा. जेवण झालं, ताटं उचलली की वेटर दार ओढून घ्यायचा आणि मग एकेकाने नाव टाकायचं. 'अमुक दुकान, तुमच्याकडे कसं आहे?' एवढंच. बाकीचे सांगायचे, वेळेवर, उशिरा, किंवा नुसती मान हलवायचे. कागद काढायचा नाही, पेन काढायचं नाही, हा नियम. आणि नावाने हाक मारायची नाही, हा दुसरा. प्रत्येकाचा माल हेच त्याचं नाव. मी पाइप. म्हणजे नव्या नव्या दिवसांत पाइप, पुढे केस पांढरे झाल्यावर पाइपराव. चौदा वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, पण कुलूप कंपनीच्या माणसाचं आडनाव मला त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर कळलं.

काय दिवस होते ते! त्या खोलीत पंखा फिरायचा तो आवाजच जास्त करायचा. हसायचो किती! सिमेंटच्या विनोदांना आधी हसावं लागायचं, कारण ते संपायला फार वेळ लागायचा. घरचं सगळं तिथे निघायचं, पोरांचे मार्क, सासूची दुखणी. ऑफिसात आमच्याशी कोणी धड बोलायचं नाही. माल अडवणारा माणूस कोणाला आवडतो? त्या खोलीत मात्र सातही अडवणारेच. वर्षातले ते बारा गुरुवार नसते, तर मी ही नोकरी केली नसती, हे आज उघड सांगतो.

सातांपैकी आम्ही चौघे उरलोय, आणि चौघेही आले होते. सिमेंट ऐंशीला टेकलाय, पण आवाज अजून गोदामात हाक मारल्यासारखा. वायरबाई काठी घेऊन आल्या. त्या आमच्यातल्या एकट्या बाई, आणि आम्हा सहाजणांना पुरून उरणाऱ्या. कुलूप तसाच, बोलण्याच्या बाबतीत नावाला जागणारा.

"पाइपराव!" वायरबाई ओरडल्या. "अजून आहात? मला वाटलं गंजलात."

"तुमचंही आवरण उखडलंय की," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं असे हसलो की समोरची चौदा पोरं टकमक बघायला लागली.

मग सल्ले सुरू झाले. पोरांपुढे लॅपटॉप. एकीने विचारलं, "सर, कोणाला उधार द्यायचं ते आम्हाला आता मशीनच लाल-हिरवं दाखवतं. मग आमची गरज काय, असं वरचे विचारतात. काय उत्तर द्यायचं?"

"त्या मशीनला म्हणावं, दुकानात जाऊन ये," वायरबाई म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत जायचं. कामगार डबा कसा खातात ते बघायचं. एकमेकांची थट्टा करत खात असतील, तर पगार होतोय. आणि ऐका, दुकानदार तुमच्यावर खेकसला तर घाबरू नका. गोड बोलायला लागला की घाबरा."

सिमेंटने सांगितलं की विक्रीवाल्याशी रोज भांडा, पण चहा त्याच्याबरोबरच प्या, नाहीतर बाजारातलं तुम्हाला काही कळणार नाही. पोरं लिहून घेत होती. कुलपाला सारखं विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "नोकरी गेली तर घरी त्याच दिवशी सांगा. मागच्या मंदीत माझी गेली होती. मी एकोणीस दिवस रोज डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. बायकोला शेजारणीकडून कळलं. नोकरी पुढे मिळाली, पण ती एकोणीस दिवसांचं अजून काढते." आम्हाला हे माहीतच नव्हतं. तेव्हाच्या एका गुरुवारी तो जेवायलाही आला होता आणि आमच्याबरोबर हसलाही होता. वायरबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हे सिमेंटला सोसवेना. तो उठला. "अरे, रडायला बोलावलंय का आपल्याला? पोरांनो, तुम्हाला एक खरी गोष्ट सांगतो. नाक म्हणजे काय असतं ते कळेल. हा बसलाय ना, पाइपराव, याचं नाक!"

मी खिशातला रुमाल काढला. ही गोष्ट मला माहीत होती. सिमेंट ती गेली बावीस वर्षं सांगतोय. लग्नात सांगतो, निरोप समारंभात सांगतो, एकदा तर एका दहाव्याला सांगितली.

"मागच्या मंदीच्या आधीची मंदी," तो म्हणाला. "आमचा एक दुकानदार होता, मास्तर म्हणायचो. आधी शाळेत गणित शिकवायचा, मग दुकान टाकलं. हिशोबाला इतका चोख की कंपनीची बिलं चुकली तर लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवायचा. खाली मार्क द्यायचा, दहापैकी सात! असा माणूस. त्याच्यावर कोणाला शंका? कोणालाच नाही. आणि एका गुरुवारी हे पाइपराव हात पुसत पुसत विचारतात, 'मास्तरांचं कसं चाललंय?' बस, चार शब्दसुद्धा नाहीत. पण याचं नाक आम्हाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हात आवरले. आणि खरं सांगतो, सहा आठवड्यांत मास्तरच्या दुकानाला टाळं! वास आला होता याला. याचा पैसा पूर्ण वसूल. म्हणून सांगतो, पोरांनो, शंका आली की थांबू नका. लगेच टेबलावर नाव टाका. जो आधी विचारतो तो तरतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिऊ तर माझ्याकडे अशी अभिमानाने बघत होती, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. टाळ्या थांबल्या आणि तिने पुढ्यातली फाइल उघडली.

"मग टेबल सुरू करू या का?" ती म्हणाली. "पहिलं नाव मी टाकते."

मी आयुष्यात कधी कोणाला मध्ये तोडलं नाही. तो माझा स्वभाव नाही. पण त्या क्षणी मी म्हटलं, "चिऊ, थांब." चौदा जणांसमोर तिचं घरातलं नाव. ती लाल झाली.

"नाव टाकायच्या आधी ही गोष्ट पुरी ऐका," मी म्हटलं. "यांना अर्धीच माहीत आहे."

"अर्धी?" सिमेंट म्हणाला. "मी होतो तिथे!"

"तुम्ही होतात. पण मी का विचारलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत." मी उभा राहिलो. "मला कसलाही वास आला नव्हता. मास्तरांचा त्या महिन्याचा चेक नव्या बँकेचा होता. बारा वर्षं एका बँकेचा यायचा, तो दुसऱ्या बँकेचा आला. एवढंच. रक्कम बरोबर, तारीख बरोबर. मनात आलं, बँक का बदलली असेल? आणि जेवता जेवता सहज विचारून गेलो. ते विचारायचं असेल तर मास्तरांना विचारायला हवं होतं. माझ्या ऑफिसपासून दुकान वीस मिनिटांवर होतं. पण कोण जाणार उन्हात? उंटावरून शेळ्या हाकायची सवय झालेली.

"दुसऱ्या दिवशी सिमेंटने आगाऊ पैसे मागितले. वायरींचा ट्रक निघाला तो अर्ध्या वाटेतून परत गेला. रंगवाल्याने, प्लायवूडवाल्याने, सगळ्यांनी. हे सगळे थांबलेत म्हटल्यावर मला वाटलं, बघा, काहीतरी आहेच! आणि मीही माल बंद केला. म्हणजे माझ्याच प्रश्नाला मी घाबरलो. मास्तरांकडे माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून पैसे नाहीत. ज्याला काही झालं नव्हतं त्याला आम्ही सातजणांनी मिळून सहा आठवड्यांत संपवलं.

"शेवटचे पैसे घ्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी दोनदा मोजून दिले. एक पैसा कमी नाही. मी म्हटलं, मास्तर, बँक का बदललीत? ते म्हणाले, गुडघा दुखतो हो. जुन्या बँकेला सतरा पायऱ्या आहेत, नवी तळमजल्यावर आहे. आणि मग मला विचारलं, वर्गात मुलाने विचारावं तसं, 'माझं गणित कुठे चुकलं, तेवढं सांगता का?' मी काही बोललो नाही. पैसे घेऊन आलो. त्या वर्षी मला बढती मिळाली."

एवढं बोलून मी बसलो. हातातला रुमाल पिळून पिळून चोळामोळा झाला होता.

सिमेंट माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारा एकदम खचल्यासारखा दिसला. "बावीस वर्षं," तो म्हणाला, "बावीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, आणि तू एकदा अडवलं नाहीस मला? अरे, हसायचास की रे वर!"

"हसायचो," मी म्हटलं.

"मला गुडघ्याचं माहीत होतं," वायरबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होत्या. "ट्रक परत बोलावला त्याच दुपारी मी मास्तरांना फोन केला होता. बँकेचं त्यांनी आपणहून सांगितलं, गुडघ्याचंही. मला पटलंही. पण तोवर सिमेंट थांबलं होतं, रंग थांबला होता. मी एकटीने माल देऊन काय करू? सगळे पळत असताना उभा राहतो तो तुडवला जातो, असं मी मनाला समजावलं. तेव्हा पाइपराव, सगळं पाप एकट्याच्या पदरात बांधून घेऊ नका. तुमच्यापेक्षा माझं जास्त. तुम्हाला कळलं नव्हतं, मला कळलं होतं."

इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना वाढदिवसाचे फोन केले, आणि हे एक सोडून सगळं बोललो.

मशीनबद्दल विचारणारी ती मुलगी हळूच म्हणाली, "मग टेबल लावायचंच नाही का, सर?"

"लावा की," कुलूप म्हणाला. "पण आधी जाऊन या. बघून आलेलं सांगायला टेबल असतं. मनात आलेलं सांगायला नाही." त्याच्या तोंडून एका दमात एवढं मी प्रथमच ऐकलं.

चिऊने फाइल मिटली. घड्याळात पावणेदोन झाले होते. ती म्हणाली, "काका, येता?"

पुलापलीकडचं दुकान मोठं होतं, पण अर्धे दिवे बंद ठेवलेले. भिंतीला टाइलच्या नमुन्यांचे फळे, त्यावर कुठेही धूळ नाही. एकटा कामगार खोकी रचत होता. दुकानदार कानावर पेन्सिल लावून बसलेला, पन्नाशीचा, जाडजूड माणूस. चिऊला बघताच उठून उभा राहिला.

"मॅडम स्वतः? म्हणजे माझं काही खरं नाही."

"काय चाललंय ते खरं खरं सांगा, म्हणजे तुमचं खरं होईल," चिऊ म्हणाली. मला हसू आलं. हे माझ्या आईचं बोलणं.

त्याने सांगितलं. झाकलं काही नाही. एका शाळेच्या दोन मजल्यांच्या फरशीचं काम त्याच्याकडे होतं. शाळा मजला पुरा झाला की पैसे देणार. खालचा झाला, त्याचे पैसे आले, पण एका बिल्डरने त्याचे मोठे पैसे अडकवले होते, त्या खड्ड्यात ते गेले. चारपैकी तीन कामगार कमी केले. "या महिन्यात पंचवीस दिवस उशीर होईल, मॅडम. तीस होणार नाही. पण तुम्ही टाइल थांबवलीत तर वरचा मजला थांबेल, आणि मग मी कुठून देऊ? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हे मास्तरांसारखं नव्हतं. मास्तर धडधाकट होते. हा माणूस खरोखरच अडचणीत होता, आणि माझं सगळं जुनं शरीर आतून ओरडत होतं: बंद कर, पोरी, बंद कर, आजच बंद कर. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

चिऊने शाळेचा पत्ता घेतला. दहा मिनिटांवर होती. ती वर गेली, मी खाली बाकावर बसलो, कारण आता माझाही गुडघा दुखतो. अर्ध्या तासाने आली ती ओढणीला सिमेंटचे डाग घेऊन. वरच्या अकरा खोल्यांपैकी सातांची फरशी झाली होती. मुख्याध्यापिकेशी बोलून, पैसे मंजूर झाल्याचं पत्र तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

गाडीत बसल्यावर तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. पाचला वीस मिनिटं होती. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मग फोन वाजला. तिचे साहेब. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणालं टेबल?"

"टेबलाला विचारलं नाही, सर. मी दुकानात जाऊन आले, काम चालू आहे तिथेही जाऊन आले. माल चालू ठेवावा असं माझं मत आहे. लिहून पाठवते."

"बाकीच्या कंपन्या काय करतायत ते माहीत नसताना? उद्या काही झालं तर मी वर काय सांगू?"

"माझं नाव सांगा, सर."

"पाठव, उद्या बोलू," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. पोरीची नोकरी जाईल या भीतीने मला घाम फुटला होता, आणि त्याच वेळी तिला उराशी धरावंसं वाटत होतं.

"काका, एकदा वाचा ना," ती म्हणाली. "भाषा बरोबर आहे का बघा."

मी चष्मा लावला. चारच ओळी होत्या. 'आज मी स्वतः दुकान आणि शाळेचं काम पाहिलं. पंचवीस दिवस उशीर होईल, पैसे येतील असं मला वाटतं. माल चालू ठेवावा. हा निर्णय माझा आहे.' खाली तिचं नाव, पूर्ण.

"तुम्ही असं नसाल ना लिहीत? तुमच्या वेळी कसं लिहायचे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आम्ही 'मी' असा शब्द फाइलवर कधी लिहिलाच नाही," मी म्हटलं. "एक ठरलेलं वाक्य होतं. 'बाजारातून मिळालेल्या माहितीनुसार सदर दुकानाचा माल थांबवण्यात येत आहे.' चौतीस वर्षं तेच लिहिलं. खाली नुसती सही, ती कोणाला वाचता यायची नाही."

"मास्तरांच्या फाइलवर पण?"

"हो गं," मी म्हटलं. "मास्तरांच्या फाइलवर पण. आणि तो बाजार म्हणजे मीच होतो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मेल पाठवून दिला.